गजावरची खूण

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी माळ्याखालच्या तुळईला दोन खुंट्यांवर एक ठासणीची बंदूक आडवी ठेवलेली असे. ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची होती. भाताला लोंब्या धरल्या की रानडुकरे उतरत आणि आजोबा ती घेऊन रात्री मांगरात झोपायला जात. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. तिने डुक्कर पडलेले मी कधी पाहिले नाही. नुसती दारू ठासून काढलेल्या बाराने कळप पळे आणि तेवढ्यावर रात्र निभावे.

माझ्या लक्षात राहिला तो तिचा गज. नळीखाली बसवलेल्या त्या लोखंडी सळईवर आजोबांनी कानशीने दोन खुणा केल्या होत्या. नळी रिकामी असेल तर गज बुडापर्यंत जाई आणि वरची खूण नळीच्या तोंडाशी येई. आत बार असेल तर गज अडे आणि खालची खूण तोंडाशी थांबे. बंदूक खुंटीवरून काढली की आजोबा आधी गज सोडून खूण बघत. काल रात्री स्वतःच रिकामी करून ठेवलेली असली तरी बघत. मी हात पुढे केला की म्हणत, ‘आधी गज घालून बघ, मगे बोल.’

पुढे नोकरीसाठी मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात आलो आणि लँकेस्टर काउंटीतल्या एका बंदूकसाजाच्या कारखान्यात एका हिवाळ्यात सहज शिरलो. म्हाताऱ्याने भिंतीवरची लांब रायफल उतरवली, तिचा हिकरीच्या लाकडाचा गज ओढून नळीत सोडला आणि चाकूने केलेली खूण कुठे येते ते पाहिले. मग ती माझ्या हातात दिली. ही दोन माणसे एकमेकांना कधी भेटणे शक्य नव्हते, पण दोघांची पहिली हालचाल एकच होती. मी तिथे शिकू लागलो, आणि त्या शिकण्यातून हे पुस्तक झाले.

आजोबांची बंदूक आतून गुळगुळीत होती. या पुस्तकातली बंदूक रायफल आहे, म्हणजे तिच्या नळीच्या आत फिरत जाणाऱ्या खाचा आहेत. साधारण चार ते पाच फुटांत त्यांचा एक पूर्ण वेढा होतो. गोळी शिशाची आणि गोल असते, आणि ती नळीपेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवतात. अर्ध्या इंचाच्या नळीला .४९० इंचाची गोळी चालते. उरलेली फट भरते ती चरबी लावलेली सुती चिंधी. गोळी चिंधीत गुंडाळून ठासली की चिंधी खाचांत रुतते आणि बार उडताना गोळीला फिरकी देते. फिरणारी गोळी सरळ जाते. चिंधी दहा-पंधरा पावलांवर गळून पडते आणि नवशिक्याने ती शोधून बघावी असे मी या पुस्तकात पुन्हा पुन्हा सांगितले आहे. कडा जळलेल्या असतील तर चरबी कमी पडली आहे, मधोमध फाटली असेल तर नळीचे तोंड किंवा खाचांच्या धारा तपासायला हव्यात. एवढीशी चिंधी नळीच्या आतली सगळी हकीकत सांगते.

या रायफलीचे मूळ जर्मन भाषकांच्या मुलखात आहे. तिथली येगर रायफल आखूड आणि जाड नळीची होती. अठराव्या शतकाच्या आरंभापासून जर्मन आणि स्विस कुटुंबे पेनसिल्व्हेनियात येऊन वसली, त्यांच्यात बंदूकसाज होते, आणि नव्या मुलखाने त्यांच्याकडून वेगळी बंदूक मागितली. माणूस आठवडेच्या आठवडे रानात असे, शिसे आणि दारू पाठीवर वाहून न्यावी लागे. हिशेब सोपा होता. ब्रिटिश फौजेच्या ब्राउन बेस मस्केटच्या १४ गोळ्या एक पौंड शिशातून होत, तर .४५ च्या रायफलीच्या पन्नासहून अधिक. म्हणून व्यास घटला. नळी लांबत लांबत ४२ ते ४६ इंचांवर गेली. लांब नळीवर मागची खाच आणि पुढची माशी यांतले अंतर वाढते आणि नेमातली चूक डोळ्याला लगेच दिसते. दस्ता लाटेसारख्या रेषा असलेल्या मेपलच्या लाकडाचा, त्यात चिंध्या आणि चरबी ठेवायला पितळी झाकणाची पेटी. पुढे १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईवरचे एक गाणे गाजले आणि हिला ‘केंटकी रायफल’ हे नाव चिकटले. जन्म मात्र पेनसिल्व्हेनियातला आहे, म्हणून मी या पुस्तकात तिला पेनसिल्व्हेनियाचीच म्हटले आहे.

१४ जून १७७५ रोजी काँटिनेंटल काँग्रेसने रायफलधारी शिकाऱ्यांच्या दहा तुकड्या उभारायचे ठरवले. त्यांतल्या सहा पेनसिल्व्हेनियाच्या होत्या. लढाईच्या कथा या पुस्तकात इतक्याच. ही रायफल भरायला वेळ लागे, तिला संगीन बसत नसे, आणि तिचे खरे घर रानच होते. त्या रानाबद्दल एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ते रिकामे नव्हते. लेनापे आणि शॉनी लोकांचे ते रान होते, त्यांनीही ही रायफल लवकर उचलली आणि ती उत्तम चालवली, आणि त्याच रायफलीच्या जोरावर त्यांची जमीन त्यांच्या हातून गेली. बंदुकीच्या नक्षीचे कौतुक करताना मी हे विसरू शकत नाही आणि वाचकानेही विसरू नये.

दारूच्या प्रकरणावर मी सर्वांत जास्त कष्ट घेतले आहेत. काळी दारू म्हणजे सोरा ७५ भाग, कोळसा १५ आणि गंधक १०. कोळसा विलोसारख्या हलक्या लाकडाचा लागतो. सोरा मिळवणे हे त्या काळी राज्याराज्यांचे दुखणे होते, आणि इथे हा विषय थेट आपल्या देशात येतो. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक गावठाणांची खारी माती खरवडून, पाण्यात निथळून आणि उकळून सोरा काढत. प्लासीनंतर १७५८ मध्ये त्या सोऱ्याची मक्तेदारी ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. इंग्लंडच्या दारूगिरण्या त्या सोऱ्यावर चालत आणि अमेरिकेतल्या वसाहतींना दारू मुख्यतः इंग्लंडमधूनच येई. लँकेस्टरच्या शिकाऱ्याच्या कमरेला लटकणाऱ्या बैलाच्या शिंगात बिहारच्या अंगणांतली माती होती, असे म्हणायला हरकत नाही. १८०२ मध्ये द्यू पाँ यांनी डेलावेअरमधल्या ब्रँडीवाइन नदीवर गिरणी काढली, तेव्हापासून चांगली अमेरिकन दारू मुबलक मिळू लागली.

शिंगातली दारू थेट नळीत ओतायची नाही. आधी मापात, मग मापातून नळीत. मागच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली तर मापभर दारू पेटेल आणि भुवया जातील, शिंग पेटले तर हात जाईल. गज आखूड धरून थोडा थोडा ठासायचा. लांब धरून जोर लावला की हिकरी मोडते आणि तिची तिरपी ढलपी तळहातातून आरपार जाते. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, कधी फुटते. आणि चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी निर्धोक दिशेला धरून पूर्ण मिनिटभर थांबायचे. आत ठिणगी जिवंत असू शकते.

शब्दांबद्दल इथेच सांगतो. इंग्रजी नावे तशीच उचलण्याचा मोह मी टाळला, कारण मराठीला या बंदुका शिकवायची गरज नाही. तोड्याची बंदूक मराठी फौजांत पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी चकमकीच्या बंदुका घेऊन उभ्या होत्या. म्हणून पेटवण्याची बारीक दारू ती रंजक, नळीला बाजूने पाडलेले भोक तो कान, चकमक धरणारा तो घोडा, बोटाखाली तो चाप, आणि पुढचा नेमाचा दाणा ती माशी. कानात खिळे मारून तोफ निकामी करण्याची गोष्ट शाळेत ऐकलेल्या वाचकाला हा कान समजावून सांगावा लागणार नाही.

घोडा सुटला की चकमकीची धार पोलादी पातीवर खरवडते, पात पुढे उलटते आणि तिच्याखालची वाटी उघडी पडते. ठिणग्या चकमकीच्या नसतात, पातीवरून सोललेल्या पोलादाचे ते जळते कण असतात. ते वाटीतल्या रंजकीवर पडतात, रंजक भडकते आणि ज्वाळा कानातून आत जाते. म्हणून पात कडक हवी, चकमक धारदार हवी, आणि कान मोकळा हवा. इंग्लंडच्या सफकमधल्या ब्रँडन गावची काळी चकमक अजूनही नावाजलेली आहे. एखादी चकमक वीस बार देते, एखादी पन्नास. धार गेली की पितळी दांडीने हलकेच टकटक करून नवी धार काढता येते. कान रंजकीने बुजवून टाकणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक. मग रंजक वातीसारखी जळत आत जाते आणि उशीर होतो. रंजक कानाच्या खाली ठेवली तर ज्वाळा उडी मारून आत शिरते.

हा उशीर शिकाऱ्याचा खरा शत्रू. डोळ्यासमोर वाटी भडकते आणि डोके आपोआप हलते. जनावरही बघते. स्कॉटलंडमधल्या बेल्हेल्व्हीचे पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ पक्ष्यांच्या शिकारीचे शौकीन होते. वाटीतला भडका बघून पक्षी छर्रे पोचायच्या आत सटकत, या वैतागातून त्यांनी ठोक्याने पेटणारी दारू शोधली आणि १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यातून पुढे टोपीची बंदूक आली, सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंनी तशा आखूड, दणकट रायफली रॉकी पर्वतांत जाणाऱ्यांसाठी बनवल्या, आणि चकमक मागे पडली. एक लाडकी गोष्ट म्हणून नव्हे, तर शिकवण म्हणून मी चकमकीलाच धरून राहिलो. बार उडून गोळी बाहेर पडेपर्यंत नेम धरून ठेवणे चकमक सक्तीने शिकवते.

रानात या रायफलीचा पल्ला किती? कागदावरच्या निशाण्याचे विसरा. गोल गोळी हवेत लवकर दमते. नळीतून निघताना सेकंदाला १,८००-१,९०० फूट असलेला वेग १०० यार्डांवर जवळपास निम्म्यावर येतो. मी स्वतःसाठी ६० यार्डांची मर्यादा घातली आहे आणि पांढऱ्या शेपटीचे हरीण त्याच्या आत, आडवे आणि उभे असेल तरच चाप ओढतो. दुसरी गोळी भरायला अर्धा मिनिट ते एक मिनिट जाते. दुसरी संधी नाही असे धरूनच चालायचे. बार उडाला की समोर पांढरा धूर उभा राहतो आणि काही दिसत नाही. त्या वेळी धावायचे नाही. कान देऊन ऐकायचे, जागेवर उभे राहून पुन्हा नळी भरायची, आणि मग जायचे. जखमी हरणापाशी रिकामी बंदूक घेऊन पोचणे हा मी गुन्हा मानतो.

पाऊस आणि बर्फ यांवर जुन्या लोकांचे उपाय साधे होते. घोडा आणि वाटी झाकायला गाईच्या गुडघ्यावरच्या कातड्याचे टोपरे वापरत. गुडघ्याचा आकार त्या जागी बरोबर बसतो. कानात टर्कीच्या पिसाची दांडी खोचून ठेवत. आणि रंजक घालत ती उभे राहायच्या जागी पोचल्यावर, चालताना नाही.

पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये चकमकीच्या बंदुकांसाठी वेगळा हंगाम सुरू केला, तो आता नाताळानंतर असतो. व्यास .४४ किंवा अधिक हवा आणि दुर्बीण चालत नाही. या हंगामामागे एक कडू इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या राज्यात हरणे जवळपास संपली होती. कातड्यासाठी, मांसाच्या बाजारासाठी मारली गेली, जंगले तोडली गेली. १८९५ मध्ये राज्याने गेम कमिशन नेमले, १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणे आणून सोडली. आज उलट दुखणे आहे. लांडगे आणि प्यूमा गेले, हरणे वाढली आणि ओकची रोपे ती उगवू देत नाहीत. हंगाम, संख्या आणि परवाना सरकार ठरवते, शिकाऱ्याला आधी अभ्यासक्रम पार करावा लागतो.

इतर अनेक राज्यांतही ठासणीचा हंगाम आहे, पण तिथे मला वाईट वाटते. १९८५ मध्ये मिसूरीच्या टोनी नाइट यांनी नव्या धाटणीची ठासणीची रायफल बाजारात आणली. तिची टोपी सरळ दारूच्या मागे बसते. आज तशा रायफलींवर दुर्बीण चढते, दारूच्या तयार गोळ्या मिळतात, प्लॅस्टिकच्या वेष्टनातली लांबट गोळी दोनशे यार्डांवर जाते. नळी तोंडाकडून भरली एवढेच नाव उरले. अवघड बंदुकीसाठी म्हणून दिलेले जास्तीचे दिवस सोप्या बंदुकीने खर्च करणे मला रास्त वाटत नाही. १९३३ पासून नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनने, तिच्या इंडियानातल्या फ्रेंडशिप गावच्या मैदानावर, आणि विल्यम्सबर्गमध्ये १९६० च्या दशकात वॉलेस गसलर यांनी लोखंडाच्या पट्टीपासून नळी घडवून दाखवून ही कला जिवंत ठेवली. ती शॉर्टकटसाठी ठेवली नव्हती.

आता देखभाल. या पुस्तकाची जवळजवळ अर्धी पाने तिला दिली आहेत, आणि हस्तलिखित वाचणाऱ्या मित्रांनी ती कमी करायला सांगितली. मी केली नाहीत. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपाने उरतो. ही राख म्हणजे क्षार. ते हवेतले पाणी ओढतात आणि पाण्याबरोबर लोखंड खातात. दमट हवेत एका रात्रीत नळी तांबूस होते. तेल लावून ही राख जात नाही, उलट तिचे डांबर होते. क्षार पाण्यातच विरघळतात, म्हणून नळी पाण्याने धुवायची, आणि त्याच दिवशी धुवायची.

घोड्याची कळ आधी सोडवून बाजूला ठेवा. कानात काडी खोचा. कोमट पाण्यात साबणाचा थेंब घालून नळी भरा, काही मिनिटे राहू द्या, उपडी करा. पहिले पाणी शाईसारखे काळे येते आणि सडलेल्या अंड्यासारखे वासते. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. उकळते पाणी वापरणारे पुष्कळ आहेत. माझा अनुभव असा की तापलेल्या नळीवर कोरडे होता होता गंजाची झाक चढते, म्हणून मी कोमटच घेतो. मग गजाला चिंध्या लावून कोरडी करा. चिंधी पांढरी येईपर्यंत एक, दोन, कधी पंधरा. शेवटी तेलाची. नळी तोंड खाली करून रात्रभर भिंतीला टेकवा, म्हणजे तेल बुडाशी साचून पुढचा बार भिजवणार नाही. दुसऱ्या दिवशी कोरडी चिंधी पुन्हा घाला आणि तिचा रंग बघा. तांबूस असेल तर तुम्ही काल दमून लवकर उठलात. जुन्या रायफलींत नळी दस्त्याला बारीक खिळ्यांनी जडवलेली असते, ती दर वेळी काढायची नसते. खिळ्यांची भोके सैल होतात आणि दोनशे वर्षे टिकलेले लाकूड तडकते.

जो शिकारी संध्याकाळी आपली नळी स्वतः धूत नाही, त्याने सकाळी जनावरावर नेम धरू नये, असे माझे ठाम मत आहे. गंजलेल्या खाचा चिंधी फाडतात, फाटलेल्या चिंधीची गोळी भलतीकडे जाते, आणि ती पोटात लागलेले हरीण दोन दिवस मरत राहते. धुण्याचा कंटाळा रानात जनावराच्या अंगावर निघतो.

भारतातल्या वाचकांना स्पष्ट सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीला बंदी आहे, ती मला पूर्ण मान्य आहे, आणि शिकारीची प्रकरणे तिथे वापरण्यासाठी लिहिलेली नाहीत. ती अमेरिकेतल्या मराठी माणसांसाठी आहेत, ज्यांच्यापैकी काही दर हंगामात मला फोन करून चकमक कुठे मिळेल ते विचारतात, आणि त्या सर्वांसाठी आहेत ज्यांना एक जुने यंत्र कसे चालते याची मनापासून ओढ आहे.

देखभालीची प्रकरणे मात्र कोकणातही कामाची आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि परवान्याच्या अशा बंदुका अजून घराघरांत आहेत. ती चालवणारा माणूस गेला की ती माळ्यावर पडून राहते. असे घर तुमचे असेल तर माझी विनंती आहे. घोड्याला हात लावू नका. नळीच्या तोंडासमोर उभे राहू नका. लाकडी काठी आधी नळीला बाहेरून लावून तोंडापासून कानापर्यंतची लांबी मोजा, मग तीच काठी बाजूला उभे राहून हळूच आत सोडा आणि किती गेली ते बघा. ती कानापर्यंत पोचत नसेल, दोन-चार बोटे अलीकडेच अडत असेल, तर आत बार आहे असे धरा, बंदूक आहे तिथेच ठेवा आणि पोलीस ठाण्याला कळवा. नीट गेली तरी परवान्याचे कागद काढून तिची नोंद करून घ्या. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते.